अमोनिया : उपयुक्तता, धोके आणि सुरक्षिततेची किंमत

भारतीय शेतीच्या अर्थकारणात अमोनिया या रसायनाचे स्थान मध्यवर्ती आहे. नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन अणू मिळून बनणारा हा वायू युरियाचा प्रमुख कच्चा माल होय. एक टन युरियासाठी सुमारे ०.५७ टन अमोनिया लागतो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३१४ लाख टन युरियाचे उत्पादन झाले, हे लक्षात घेता अमोनियाच्या वापराची व्याप्ती स्पष्ट होते. पीक वाढविण्याप्रमाणेच ते टिकविण्यातही या वायूचा वाटा आहे. उत्तर प्रदेश व पश्चिम बंगालमध्ये बटाटा साठविणाऱ्या शीतगृहांत तो प्रशीतक म्हणून वापरला जातो. तो स्वस्त असून ओझोनच्या थरास हानी पोहोचवीत नाही. तथापि, हाच वायू विषारी व दाहक असल्याने त्याची हाताळणी हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

गुणधर्म आणि धोके

अमोनिया रंगहीन असून त्यास तीव्र, झोंबणारा वास असतो. उणे ३३ अंश सेल्सिअसला त्याचे द्रवात रूपांतर होते. त्यामुळे मोठ्या कारखान्यांत तो या तापमानापर्यंत थंड करून साठवितात, तर टँकर व लहान टाक्यांत दाबाखाली द्रवरूपात ठेवतात. ३० अंश तापमानास हा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १२ पट असतो. टाकीस तडा गेल्यास एक लिटर द्रवापासून ८०० लिटरहून अधिक वायू निर्माण होतो.

अमोनिया पाण्यात अतिशय विद्राव्य आहे. डोळे, घसा व फुप्फुसे हे ओलसर अवयव म्हणूनच प्रथम बाधित होतात. आठ तासांच्या पाळीसाठी हवेतील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत २५ भाग इतके मर्यादित ठेवणे अपेक्षित असते. ३०० भागांपुढे जीवितास तत्काळ धोका मानला जातो. बंदिस्त जागेत हे प्रमाण १५ ते २८ टक्के झाल्यास ठिणगीने स्फोटही होऊ शकतो.

हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जाईल, असा समज असतो. परंतु दाबाखालील द्रव बाहेर पडताच अतिथंड तुषार व बाष्प यांचे धुके तयार होते आणि ते काही काळ जमिनीलगत पसरते. दुर्घटनेत हेच धुके प्राणघातक ठरते.

सुरक्षित हाताळणी

तांबे, पितळ व जस्त यांची अमोनियामुळे झीज होते. म्हणून नळ व झडपा पोलादाच्या असाव्या लागतात. पोलादासही ताणामुळे तडे जाऊ नयेत यासाठी अमोनियात सुमारे ०.२ टक्के पाणी मिसळण्याची पद्धत आहे. तापमान वाढताच द्रव प्रसरण पावत असल्याने टाकी काठोकाठ भरत नाहीत. वायुशोधक उपकरणे, वायुवीजन, वाऱ्याची दिशा दर्शविणारी पताका आणि श्वसनसंच या किमान गरजा होत.

गळती झाल्यास पाण्याचे तुषार वायूवर मारावेत. साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नये, कारण पाण्यातील उष्णतेने त्याचे बाष्पीभवन वेगाने होते. परिसरातील व्यक्तींनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे व नाकातोंडावर ओले कापड धरावे. डोळ्यांस बाधा झाल्यास ते किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी.

दुर्घटनांचा बोध

जून २०१५ मध्ये पंजाबातील दोराहा येथे पुलाखाली अडकलेल्या टँकरमधून झालेल्या गळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील फुलपूर येथील खत कारखान्यात दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळील एन्नोर येथे समुद्राखालील वाहिनीतून झालेल्या गळतीमुळे किनाऱ्यावरील रहिवाशांना रुग्णालयात हलवावे लागले. वाहतूक, उत्पादन व वहन अशा प्रत्येक टप्प्यावर धोका असतो, हे यावरून दिसते.

दायित्वाचे अर्थशास्त्र

सुरक्षिततेवरील खर्च उद्योजकास करावा लागतो. दुर्घटनेची किंमत मात्र बहुतांशी कामगार व शेजारी मोजतात. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम असे म्हणतात. ही किंमत उद्योगाकडेच परतावी, हे कायद्याचे कार्य होय. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. त्यानुसार धोकादायक उद्योगास कोणत्याही सबबीवर भरपाई टाळता येत नाही आणि भरपाईचे प्रमाण उद्योगाच्या आकारमानाशी निगडित असते. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ ने दोष सिद्ध न करताही पीडितांना तातडीचे साहाय्य देण्याची तरतूद केली. कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये समाविष्ट झालेली धोक्यांची माहिती देण्याची सक्ती व कामगारांचा पूर्वसूचनेचा हक्क या बाबी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही आहेत.

तथापि, घातक रसायनांविषयीच्या अनेक कठोर तरतुदी साठ्याच्या विहित मर्यादेनंतरच लागू होतात. शीतगृहातील साठा खत कारखान्याच्या तुलनेत अल्प असतो. पण ते वस्तीस लागून असू शकते, प्रशिक्षित मनुष्यबळ कमी असते आणि भरपाई देण्याची मालकाची क्षमताही मर्यादित असते. धोका केवळ साठ्यावर नव्हे, तर साठा व वस्ती यांतील अंतरावरही अवलंबून असतो. म्हणून लहान घटकांसाठी नियमित तपासणी, प्रशिक्षण व विमासंरक्षण यांची गरज अधिक आहे.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेमुळे अमोनियाचे महत्त्व वाढणार आहे. कारण हायड्रोजनची साठवण व वाहतूक अमोनियाच्या रूपात सुलभ होते. स्वच्छ ऊर्जेच्या हिशेबात सुरक्षिततेचा खर्च प्रारंभीच धरला गेला, तरच या विकासाचा भार शेजारच्या वस्तीवर पडणार नाही.