अंथरुणाला खिळलेल्यांचा सांभाळ

आजी अंगणात पडते, खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होऊन ती घरी येते. खरी कसोटी पुढेच असते.

२०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते रुग्णालयातले. घरची महिनोन् महिन्यांची सेवा त्यात बसत नाही.

मग करायचे काय? दोन दारे आहेत. पहिले तहसील कचेरीचे. जुन्नरकरांचे जुन्नरला, आंबेगावकरांचे घोडेगावला. तिथे पासष्टीपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला मात्र जवळ हवा.

दुसरे दार मंचरच्या प्रांत कचेरीचे. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्याने आईबापांना तिथे निर्वाहखर्च मागता येतो. वकील लागत नाही.

गुरुजी, वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्यांचा अर्ज लिहायला तुमचाच हात लागेल. आणि घरच्यांनो, पैसा मिळाला तरी कूस वळवायला माणूसच लागतो. पाळ्या लावून घ्या. सारा भार एकट्या सुनेवर टाकू नका.