कोळशाच्या किमतीत जमिनीचे ऋण

कोळसा संपला की खाण बंद होते. परंतु खाणीने आरंभलेली हानी थांबत नाही. उघड्या खड्ड्यांत पाणी साचते, उपसलेल्या मातीचे ढिगारे पावसात वाहून शेतांत येतात, भूमिगत खाणीवरील जमीन खचते. गंधकयुक्त खडकास हवा व पाणी लागले की आम्लयुक्त पाणी झिरपते आणि ओढ्यांतील जीवसृष्टी नष्ट होते. कारणाशिवाय कार्य नाही, हा बुद्धविचार येथेही लागू पडतो. या दुःखाचे कारण हिशेबात आहे. जमिनीचा नाश कोळशाच्या किमतीत धरला जात नाही. तो खाणीशेजारच्या माणसाला सोसावा लागतो. तो खर्च किमतीत आणला, तर जमीन पूर्ववत करण्यात खाणमालकाचाही स्वार्थ निर्माण होतो. बाजाराच्या प्रेरणेचा उपयोग तो हाच.

अमेरिकेतील ॲपलाचिया या डोंगराळ प्रदेशात दीर्घकाळ कोळसा काढून जमिनी तशाच सोडल्या गेल्या. ३ ऑगस्ट १९७७ रोजी तेथे संघीय कायदा झाला. त्यापूर्वी सोडलेल्या जमिनींसाठी चालू खाणींवर उपकर बसविण्यात आला. प्रारंभी तो खुल्या खाणीच्या कोळशावर टनामागे ३५ सेंट व भूमिगत खाणीच्या कोळशावर १५ सेंट होता. नव्या खाणींसाठी अनामतीची अट आली. उत्खननापूर्वीच मालकाने रकमेची हमी द्यावयाची. खड्डा भरला, हिरवळ रुजली, ती टिकली, की ती टप्प्याटप्प्याने मोकळी होते. काम टाळल्यास हमीच्या पैशातून शासन ते करून घेते.

तिसरा मार्ग सवलतीचा. जुन्या खाणीत उरलेला कोळसा काढता काढता जमीनही सुधारणाऱ्यास पूर्वेकडील राज्यांत १९९२ च्या कायद्याने सूट दिली. झाडोऱ्याच्या जबाबदारीची पाच वर्षांची मुदत दोन वर्षांवर आणली. पेनसिल्व्हेनियात टाकाऊ कोळशाचे ढिगारे जाळून वीज निर्माण केली जाते आणि त्यास करसवलत मिळते. ढिगारा हटतो, पण धूर व राख उरतेच.

या व्यवस्थेचे दुबळे अंग २०१५-१६ मध्ये उघड झाले. काही मोठ्या कंपन्यांना प्रत्यक्ष ठेव न घेता केवळ त्यांच्या आर्थिक पतीवर हमी देण्याची मुभा होती. त्यांपैकी पीबडी, आर्च व अल्फा या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा जमिनीचा खर्च जनतेवर पडण्याचा धोका उभा राहिला. हमी कागदावर असून भागत नाही. पैसा बाजूला काढलेलाच असावा लागतो.

टनामागे उपकर ही कल्पना आपणांस परकी नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद परिसरातील कोळसा खाणींची पाहणी केली. पुढील वर्षी कोळशावरील उपकरातून कामगार कल्याण निधी उभारण्याचा अध्यादेश निघाला. ज्यांच्या श्रमातून कोळसा निघतो, त्यांच्या आरोग्याचा व निवाऱ्याचा भार कोळशाने उचलावा, हे त्यामागील न्यायतत्त्व होते. तेच तत्त्व जमिनीला लावले पाहिजे.

भारतात २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खाते आवश्यक झाले. तेव्हाचा दर खुल्या खाणीस हेक्टरी ६ लाख व भूमिगत खाणीस १ लाख रुपये होता. या खात्यातील रक्कम कामाची तपासणी झाल्यावरच परत मिळते. मात्र ज्या खाणी त्यापूर्वीच सोडून दिल्या गेल्या, त्यांच्या नावे तेव्हा अशी ठेव नव्हती.

चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी हे आपल्या विदर्भाचे कोळसापट्टे. तेथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या गावाजवळील खाणीचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागवावा. खात्यात किती जमा झाले, किती काढले, त्याबदल्यात किती जमीन भरली गेली, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारावेत. सुधारलेली जमीन कोणाच्या हाती जाणार, हा चौथा प्रश्नही विसरू नये. बाजार नफ्याचा हिशेब चोख ठेवतो. भूमिहीनाचा हिशेब मात्र संघटित व शिक्षित समाजालाच ठेवावा लागतो.