पिल्लू एक, मास्तर सात

कुत्र्याचं पिल्लू घरात येतं ते बहुतेक वेळा धाकट्या मंडळींच्या हट्टामुळे. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचा दहावीचा निकाल लागलेला असतो, किंवा मागच्या गल्लीतल्या कुत्रीनं पिल्लं घातलेली असतात. पहिले आठ दिवस सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. फोटो निघतात, नावावरून भांडणं होतात. आणि सहा-आठ महिन्यांनी यांतल्या काही घरांत तेच पिल्लू, आता गुडघ्याएवढं झालेलं, दिवसभर गच्चीवर बांधलेलं दिसतं. का, तर पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं, हात तोंडात धरतं, गालिचा ओला करतं. आणखी थोड्या दिवसांनी कळतं, की त्याला 'ओळखीच्यांच्या शेतावर पाठवलं'.

अशा वेळी पिल्लाचा स्वभाव मुळातच वाईट होता, असं क्वचितच असतं. त्याला कुणी शिकवलं नाही, असंही नसतं. उलट सगळ्यांनीच शिकवलेलं असतं, पण प्रत्येकानं वेगळं. दादानं सोफ्यावर घेतलं, आईनं तिथून हाकललं. बाबांनी खेळताना हात चावू दिला, आणि तोच दात आजोबांना लागला तेव्हा फटका मिळाला. आजी, आजोबा, आई, बाबा, दादा, ताई आणि कामाच्या मावशी असे मोजले तर एका पिल्लाला सात मास्तर होतात. म्हणून पिल्लाला शिकवण्याआधी एक काम करायचं असतं. घरातल्यांनी एकत्र बसून आपापसांत ठरवायचं.

आणण्याआधी

पिल्लू किमान ८ आठवडे आई आणि भावंडांबरोबर राहिलेलं असावं. जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ मोडतो, हा पहिला धडा ते भावंडांकडून शिकतं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला बंदी आहे. 'महिन्याचंच आहे, लवकर लळा लागेल' असं कुणी सांगू लागलं, तर तिथून परत फिरावं.

दुसरा विचार हवेचा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. बर्फाळ प्रदेशासाठी दाट केस घेऊन जन्मलेला हस्की इथे वर्षातले चार महिने एसीच्या खोलीत काढतो. आपल्या गल्लीतलं गावठी पिल्लू याच हवेत वाढलेलं असतं, अंगानं काटक असतं आणि शिकायलाही हुशार असतं. बेळगावकडच्या वाचकांना मुधोळचं नाव सांगायला नको. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात जोपासली गेलेली ही शिकारी जात २००५ साली टपाल तिकिटावरही आली. पण तो धावणारा कुत्रा आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो सुखी राहत नाही.

पहिल्या रात्री

दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं. घरात मुलं असली की पहिला नियम हाच हवा, की झोपलेल्या पिल्लाला उठवायचं नाही. झोप न झालेलं पिल्लू तान्ह्या मुलासारखंच किरकिरं होतं आणि जास्त चावतं. त्याला वर्दळीपासून बाजूला एक कोपरा द्यावा, तिथे जुनी चादर घालावी. तो कोपरा त्याचा. तिथे गेलं की कुणी ओढून काढायचं नाही.

रात्री ते रडणार. आजवर ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. 'रडू दे, सवय होईल' म्हणून बाल्कनीत ठेवण्यापेक्षा पहिले काही दिवस त्याचं खोकं कुणाच्या तरी पलंगाशेजारी ठेवावं. हात खाली सोडला तरी ते शांत होतं. मग रोज थोडं थोडं खोकं त्याच्या कोपऱ्याकडे सरकवावं.

खाणं आधी जे मिळत होतं तेच सुरुवातीला द्यावं आणि बदल करायचा तर आठवडाभरात हळूहळू करावा. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं. वाटीभर गाईचं दूध हे आपल्याकडचं पहिलं स्वागत असतं, पण बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

शी-शूचं वेळापत्रक

दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास धरू शकतं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला हमखास लागते. या तीन वेळा पाळल्या तर निम्मं काम होतं. प्रत्येक वेळी त्याच जागी न्यावं, तोच एक शब्द म्हणावा, आणि काम होताच तिथल्या तिथे खाऊ द्यावा, शाबासकी द्यावी. घरात परत येऊन दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याचा असतो. बक्षीस आणि कृती यांत एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं, की त्याला त्यांचा संबंध लागत नाही.

हेच शिक्षेचंही. सकाळी केलेल्या शूवर दुपारी नाक घासलं, तर ते एवढंच शिकतं, की ही माणसं अधूनमधून अकारण चिडतात. मग ते घाबरून सोफ्यामागे लपून करू लागतं. घरात झालंच तर मुकाट्यानं पुसावं. फरशी फिनेलनं पुसली असेल, तर ती सुकेपर्यंत पिल्लाला तिथे सोडू नये. ते पाय चाटतं आणि फिनेल पोटात जातं.

सकाळी सहाला कोण नेणार, दुपारी कोण, रात्री अकराला कोण, हे कागदावर लिहून फ्रिजला लावावं. 'मला वाटलं तू नेलंस' या एका वाक्यानं पुष्कळ गालिचे भिजले आहेत.

कोणत्या भाषेत?

आपल्यासारख्या घरांत एक गंमत होते. आपसांत मराठी, दारात हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू, आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी! कुत्र्याला यांतली कोणतीच भाषा येत नाही. त्याला आवाज कळतो, आणि त्या आवाजानंतर काय होतं ते कळतं. म्हणून शब्द कोणत्याही भाषेतला चालेल, फक्त सगळ्यांचा एकच हवा.

शब्द निवडताना मात्र आपल्या गावच्या बोलीकडे कान द्यावा. 'बस' म्हटलं की पिल्लानं बसायचं, असं इंदूरच्या घरात ठरवलं, तर हिंदीत दिवसभर 'बस, बस' म्हणजे 'पुरे, पुरे' चाललेलं असतं. बडोद्याच्या गुजरातीतही तेच. मराठीतसुद्धा आपण 'बस झालं' म्हणतोच. दिवसात पन्नास वेळा ऐकू येणारा आणि पन्नास वेळा काहीच न घडवणारा शब्द पिल्लू सोडून देतं. 'ये'चंही तसंच. हिंदी बोलणाऱ्या घरात 'ये क्या है, ये किसका है' सतत चालू असतं. त्यापेक्षा बसण्यासाठी आजीचा जुना 'बैस' घ्यावा आणि बोलावण्यासाठी 'इकडे'. 'थांब' उत्तम, हिंदी-गुजरातीत तो तशा अर्थानं कानावर पडत नाही. तोंडातली वस्तू टाकण्यासाठी 'सोड'. एवढे चार शब्द पहिल्या तीन महिन्यांना पुरतात.

शिकवण्याची रीत सोपी आहे. खाऊ नाकाजवळ धरून हात हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होते आणि बूड आपोआप खाली टेकतं. टेकताक्षणी 'बैस' म्हणून खाऊ द्यावा. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून तीन-चारदा. शब्द एकदाच म्हणावा. 'बैस, बैस, अरे बैस ना' असं म्हटलं, की पिल्लू समजतं, बसायचं ते चौथ्या हाकेला. आणि 'इकडे' म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, त्यानं चप्पल फाडलेली असली तरी. हाकेला आलं आणि बोलणी बसली, तर पुढच्या वेळी ते का येईल?

दात

पिल्लाचे २८ दुधाचे दात तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पडतात आणि ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे दिसेल ते चावावंसं वाटतं. चावू नको हे सांगणं निरर्थक आहे, काय चावायचं ते द्यावं लागतं. ओला रुमाल पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला की थंड खेळणं तयार होतं, फक्त तो चावताना कुणीतरी जवळ असावं. हात तोंडात धरला तर हात सैल सोडावा, खेळ तिथेच थांबवावा, उठून अर्धा मिनिट बाजूला व्हावं. दात लागला की मजा संपते, एवढंच त्याला कळायला हवं. इथे सातही जणांचं वागणं सारखं लागतं. सहा जण उठून गेले आणि एकानं हात चावू दिला, तर ते त्या एकाचंच ऐकतं.

लहान मुलांना पिल्लाचं बोलणंही शिकवावं. शेपूट पायात घालणं, तोंड फिरवणं, उगाच ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, याचा अर्थ 'मला सोड'. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ करायला आपण पिढ्यान्‌पिढ्या निघालो आहोत. त्यापेक्षा ते काय सांगतंय ते वाचलं, तर पुष्कळ चावे टळतील.

घराबाहेरचं जग

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षं केलेलं काम १९६५ साली पुस्तकरूपात आलं. त्यातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे आवाज, माणसं, वस्तू भेटतात, त्यांना ते आयुष्यभर 'नेहमीचं' समजतं. पिल्लू आठव्या आठवड्यात घरी आलं, तर आपल्या हातात महिनाभरच उरतो.

अडचण अशी, की लसीकरण याच काळात चालू असतं. सहा ते आठ आठवड्यांपासून काही आठवड्यांच्या अंतरानं, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून एका डोसवर थांबून चालत नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून बागेत जमिनीवर सोडू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन फाटकापाशी उभं राहावं. हेल्मेटवाला, गॅस सिलिंडर आणणारा, आजोबांचा वॉकर, शाळेतली मुलं, हे सगळं त्याला लांबून आणि खाऊबरोबर दाखवावं. घरातला कुकर, मिक्सर, आरतीची घंटा आणि झांजा आधी दुसऱ्या खोलीतून ऐकू द्याव्यात. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके फोनवर अगदी हळू आवाजात लावून खायला देण्याची सवय आधीपासून केली, तर सणाचे दिवस त्याला कमी जड जातात.

उलटी, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, ही लक्षणं दिसली तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं.

आजीच्या ताटातलं

नियम सर्वांत आधी मोडतो तो पंगतीत. आजीच्या ताटातून घास मिळाला, की पुढची बारा वर्षं ते प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी उभं राहतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपलं रोजचं जेवण त्याला बाधतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या पेशींना अपाय करतात, आणि आपली कोणती भाजी त्यांच्याविना होते? द्राक्षं, बेदाणे, मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणजे प्रसादाचा शिराही बाद. चॉकलेट विषारी. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात. आजीची माया अडवायची गरज नाही, तिला साधन द्यावं. साध्या उकडलेल्या गाजराच्या फोडी एका डबीत ठेवाव्यात आणि जेवण झाल्यावर, ताटापासून दूर, तिच्याच हातून त्या मिळाव्यात.

एक गोष्ट जिथे सवलत नाही

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यायची, आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे, न चुकता. लस होण्याआधी पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर 'आपलंच आहे, काही होत नाही' म्हणू नये. पिल्लांनाही रेबीज होतो, आणि माणसात लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. मुलं रागवतील या भीतीनं ओरखडा लपवतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावं, की दात लागल्याचं सांगणाऱ्याला घरात कुणी रागवणार नाही.

नीट सांभाळलेला गावठी कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. आज पिल्लासाठी हट्ट धरणारी ताई पंधरा वर्षांची असेल, तर तीन वर्षांत ती शिकायला पुण्याला जाईल, मग नोकरीला बेंगळुरूला. दादाचंही तेच. कुत्रा त्यांच्याबरोबर वसतिगृहात जाणार नाही. तो इथेच राहील, आई-बाबांबरोबर, आणि तेव्हा संध्याकाळी त्याला फिरवायला आईच नेणार असेल. म्हणून धाकट्या मंडळींनी एवढं करावं. स्वतःच्या हाकेला पिल्लू धावत येऊ लागलं, की खाऊची पिशवी आईच्या हातात द्यावी आणि आपण खोलीबाहेर जावं. आईच्या पहिल्या 'इकडे'ला ते धावत आलं, तर शिकवणी बरोबर चालली आहे.