दिव्यांग ग्राहक आणि आपले पार्लर : आधी विचारा, मग हात लावा

आपल्या वस्त्यांमध्ये अनेक भगिनी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवतात, अनेक बांधवांचे सलून आहे. लग्नसराईत त्यांच्याकडे घरातील सगळे येतात. पण व्हीलचेअरवरची बहीण, अंध काकू किंवा झटके येणारा मुलगा मात्र बहुधा घरीच राहतो. कुठे पायऱ्या आडव्या येतात, तर कुठे पार्लरवालीच घाबरते : 'काही झाले तर?' ही भीती खोटी नाही. पण नेमके काय जपायचे हे कळले की ती बरीच कमी होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले, अॅसिड हल्ल्यात होरपळलेले, सिकल सेलचे रुग्ण हेही येतात. म्हणजे अपंगत्व दरवेळी डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणूनच विचारणे महत्त्वाचे.

बधिर त्वचेचा धोका

पार्लरमध्ये सर्वात मोठा धोका उष्णतेचा. आपण वॅक्स लावतो आणि विचारतो, 'गरम लागतंय का?' ती 'नाही' म्हणाली की निश्चिंत होतो. पण मणक्याला इजा झालेल्या, कुष्ठरोग होऊन गेलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या हातापायांना जाणीवच कमी असू शकते. तिथे कातडी भाजली तरी तिला कळत नाही. फोड दिसतो तो नंतर, आणि जखम भरायला महिने लागू शकतात.

म्हणून अशा जागी ग्राहकाच्या 'चालतंय' वर विसंबू नका. बधिर भागावर गरम वॅक्स, वाफ किंवा गरम पाण्याची पिशवी वापरू नका. पाय धुवायला साधे पाणी घ्या, आणि ते आधी आपल्या कोपराने तपासा. भेगा किंवा घट्टे ब्लेडने खरवडू नका, नखांचे कोपरे खोल कापू नका. काम संपल्यावर पायाचे तळवे आणि बोटांमधली जागा नीट पाहा. लहानशी जखम दिसली तरी ग्राहकाला सांगा.

कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण केलेल्या माणसापासून रोग पसरत नाही. त्याला वेगळा टॉवेल, वेगळी खुर्ची देण्याची गरज नाही. धुतलेला टॉवेल आणि नवे ब्लेड तर प्रत्येकालाच हवे.

खुर्ची, मान आणि पाठ

व्हीलचेअरवरील व्यक्तीला शक्यतो तिच्याच खुर्चीत बसू द्या. दोन्ही ब्रेक लावले आहेत ना, ते पाहा. उचलायचेच असेल तर कसे उचलायचे हे तिला विचारा. दंडाला धरून ओढू नका. एकाच जागी फार वेळ बसल्याने जखमा होतात, म्हणून दर 15 ते 30 मिनिटांनी तिला अंग हलवायला वेळ द्या.

मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर खाली वेदना जाणवत नाहीत, तरीही वॅक्सिंगसारख्या ओढीने रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर काम तिथेच थांबवा. तिला ताठ बसवा आणि 108 ला फोन करा.

केस धुताना बेसिनवर मान मागे फार वाकवू नका. डाऊन सिंड्रोम, मानेचे दुखणे किंवा म्हातारपण असेल तर जास्तच जपा. सरळ बसवून, टॉवेल गुंडाळून, मगने पाणी घालणे बरे.

न ऐकू येणारे, न दिसणारे

अंध व्यक्तीला हात लावण्यापूर्वी सांगा : 'आता डाव्या भुवईला दोरा लावते.' कर्णबधिर व्यक्तीशी समोरून, तोंड दिसेल असे बोला किंवा मोबाइलवर लिहून दाखवा. श्रवणयंत्र केस धुताना काढावे लागते, म्हणून जे सांगायचे ते यंत्र काढण्यापूर्वीच सांगा. थ्रेडिंगला डोळे मिटलेले असतात, तेव्हा 'थांबा' साठी हाताची खूण आधीच ठरवा.

सेरेब्रल पाल्सी असल्यास अंग अचानक हलू शकते. टोकदार कात्रीऐवजी ट्रिमर वापरा. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांना मशीन आधी दाखवा, त्याचा आवाज ऐकवा, गर्दी नसलेली वेळ द्या. जबरदस्तीने धरून ठेवू नका. राहिलेले काम उद्या करता येते.

झटका आला तर

कात्री, वॅक्सचे भांडे बाजूला करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटका ओसरला की कुशीवर वळवा. हातपाय दाबू नका. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. त्याचा काही उपयोग नाही. झटका 5 मिनिटांत थांबला नाही तर 108 ला बोलवा.

सिकल सेल आणि भाजलेली त्वचा

विदर्भातील आपल्या वस्त्यांना सिकल सेल नवा नाही. अशा ग्राहकाला थंड पाणी, बर्फ, एसीचा थेट झोत नको. थंडीने वेदना उसळू शकतात. प्यायला पाणी द्या. घोट्याजवळ जखम असेल तर त्या पायाला वॅक्स किंवा पेडिक्युअर करू नका. भाजलेल्या किंवा कातडी लावलेल्या त्वचेवर ब्लीच, वॅक्स, वाफ हे त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

तीन प्रश्न

कामाला हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा : अंगाला कुठे जाणीव कमी आहे का? कोणता आजार किंवा औषध चालू आहे का? थांबायचे असेल तर कसे सांगाल? हे प्रश्न सोबत आलेल्या आईला किंवा भावाला नव्हे, त्या व्यक्तीलाच विचारा. तिला बोलता येत नसेल तरच सोबतच्या माणसाला विचारा, आणि चारचौघांत मोठ्याने नको. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 5 वर्षे कैद होऊ शकते.

घरच्यांनाही आमचे सांगणे आहे. पार्लरमध्ये जाताना आजार लपवू नका. 'माझ्या पायाला जाणीव नाही' हे एक वाक्य आधी सांगितले, तर पुढची जखम टळते.