डिसेंबरातला निकाह आणि एप्रिलचा रिटर्न

परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांना नाताळच्या सुट्टीत रजा मिळते, त्यामुळे त्यांचे निकाह बहुधा डिसेंबरच्या अखेरीस उरकले जातात. समजा, असाच एक निकाह कान्ह्यात झाला. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेतच्या मधले हे स्टेशन. मुलगी इथली, मुलगा न्यू जर्सीत नोकरीला, ग्रीन कार्डधारक. २८ डिसेंबरला निकाह झाला, दोन आठवड्यांनी मुलगा परत गेला. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसाच्या रांगेत थांबावे लागते, म्हणून मुलगी सध्या सासू-सासऱ्यांजवळ राहते. वालिद हयात नाहीत. त्यांच्या मागे वारसाहक्काने भातखाचराचा एक तुकडा तिच्या नावावर सातबाऱ्यावर चढला आहे.

मार्च महिन्यात तिच्या फोनवर काही कागद येतात. सोबत नवऱ्याचा निरोप: ‘यावर सही करून पाठव, पासपोर्टही लागेल. टॅक्स वाचतो.’ घरातले म्हणतात, नवऱ्याने सांगितले आहे ना, मग करून टाक सही.

उदाहरण काल्पनिक आहे, पण असे कागद अनेक घरांत येतात. नवऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि टॅक्सही खरोखर वाचतो. तरीही त्या सहीचा अर्थ काय, हे सही करणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही. भगिनींनो, हा लेख त्या सहीबद्दल आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा का?

आपल्याकडे पती-पत्नीचा एकत्र रिटर्न नसतो. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा. ज्याचे उत्पन्न त्याचा रिटर्न. हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून वेगळा रिटर्न भरण्याची सोय मुस्लिम कुटुंबांना लागू नाही. शेजारच्या गोव्यात मात्र थोडे वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि आयकर कायद्यानुसार पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. गोव्यातील मुस्लिम जोडप्यांनाही तोच नियम आहे.

आखाती देशांत पगारावर आयकरच नाही, त्यामुळे सौदी किंवा दुबईला गेलेल्यांच्या घरी हा विषय कधी निघाला नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवरा-बायको आपापला कर स्वतंत्र भरतात. अमेरिकेत मात्र १९४८ पासून विवाहितांनी एकत्र रिटर्न भरल्यास कराचे गणित सौम्य होते. म्हणून तिथे दरवर्षी आधी विचारले जाते: तुम्ही कोणत्या वर्गात रिटर्न भरता?

३१ डिसेंबरचा नियम

अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि रिटर्नची मुदत साधारणपणे १५ एप्रिल. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर संपूर्ण वर्षासाठी विवाहित. निकाह २८ तारखेला झाला असला तरी त्या वर्षाचा रिटर्न ‘अविवाहित’ म्हणून भरता येत नाही. ‘बायको तर भारतातच आहे’ असे म्हणून अनेक मुले तशी खूण करतात. ती चूक आहे.

त्या देशाच्या कायद्याने वैध ठरलेला विवाह तिथे मानला जातो. तरी निकाहनाम्यासोबत विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली मुस्लिम विवाहांचीही नोंदणी होते आणि गावात हे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे असते. व्हिसासाठीही तो दाखला उपयोगी पडतो.

तीन वाटा

भारतात राहणारी, अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेली पत्नी तिथल्या कायद्याच्या भाषेत ‘अनिवासी परकीय’ ठरते. अशा पत्नीच्या नवऱ्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली, ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’. नवरा फक्त स्वतःचे उत्पन्न दाखवतो. पत्नीचा अमेरिकन क्रमांक नसेल आणि तो तिला लागतही नसेल, तर त्या रकान्यात ‘एनआरए’ लिहायचे. पत्नीची सही लागत नाही, तिची मिळकत कुठे येत नाही.

दुसरी, ‘विवाहित, संयुक्त रिटर्न’. यासाठी वर्षअखेरीस नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा कराच्या दृष्टीने निवासी असला पाहिजे. मग दोघांच्या सहीचे एक निवेदन जोडायचे: पत्नीला करापुरते अमेरिकेची निवासी समजावे, अशी आमची निवड आहे. मार्चमध्ये फोनवर येतो तो कागद हाच.

तिसरी, ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंबप्रमुख. पत्नी अनिवासी असलेल्या माणसाला ही वाट खुली असते, पण त्याच्यावर अवलंबून असलेली दुसरी पात्र व्यक्ती हवी. पत्नी त्यात मोजत नाहीत. अमेरिकेत त्याच्याजवळ राहणारे मूल असेल तर ठीक. ‘गावाकडे अम्मीला पैसे पाठवतो’ एवढ्याने ही सवलत मिळत नाही. भारतात राहणारी, भारतीय नागरिक असलेली आई तिथे अवलंबित धरली जात नाही.

नवरा एफ-१ व्हिसावर शिकत असेल, तर पहिली काही वर्षे तो स्वतःच अनिवासी असतो. त्याला संयुक्त रिटर्नची ही निवड करता येत नाही.

वाचते किती?

२०२५ या करवर्षाचे आकडे घेऊ. स्वतंत्र रिटर्नला सरसकट वजावट १५,७५० डॉलर, कुटुंबप्रमुखाला २३,६२५ आणि संयुक्त रिटर्नला ३१,५०० डॉलर. आपल्या उदाहरणातल्या मुलाचा पगार वर्षाला ९०,००० डॉलर धरा. स्वतंत्र रिटर्न भरला तर त्याचा केंद्रीय कर सुमारे ११,२५० डॉलर होतो. पत्नीला काहीच उत्पन्न नसताना संयुक्त भरला तर सुमारे ६,५४० डॉलर. म्हणजे जवळपास ४,७०० डॉलर वाचले. रुपयांत ही चार लाखांची गोष्ट आहे आणि ती बचत पूर्णपणे कायदेशीर आहे. पत्नीच्या नावावर काहीच नसेल तर संयुक्त रिटर्न बहुतेक वेळा फायद्याचाच ठरतो.

आणि पत्नीच्या नावावर काही असेल तर?

संयुक्त रिटर्नची निवड केली की पत्नी संपूर्ण वर्षासाठी अमेरिकेची निवासी ठरते. मग तिचे जगभरातले उत्पन्न त्या रिटर्नमध्ये दाखवावे लागते. भारतात करमुक्त असलेले उत्पन्न तिथे करमुक्त असतेच असे नाही.

भातखाचराचे उत्पन्न घ्या. मावळात पिकणाऱ्या इंद्रायणी तांदळाच्या विक्रीवर भारतात आयकर नाही, कारण शेती उत्पन्न करमुक्त आहे. अमेरिकेच्या रिटर्नमध्ये तो नफा करपात्र आहे. पीपीएफचे व्याज इथे करमुक्त, तिथे नाही. बँकेत पडलेल्या पैशावर जमा होणारे व्याज आपण स्वतः वापरत नसू, गरजूंना देऊन टाकत असू, तरी खात्यावर आले की ते उत्पन्नात धरले जाते. पत्नीच्या नावावर भारतीय म्युच्युअल फंड असतील तर त्यांचे नियम तिथे फार कडक आहेत. त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो आणि हिशेब किचकट होतो. परदेशी मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर फॉर्म ८९३८ मध्ये तिची खातीही येतात.

सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा. ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भारतात भांडवली नफ्यावर कर लागत नाही. जमीन ग्रामीण आहे की नाही, हे नगरपरिषद-नगरपंचायतीची लोकसंख्या आणि तिच्या हद्दीपासूनचे सरळ रेषेतले अंतर यांवर ठरते: दहा हजार ते एक लाख लोकसंख्येला २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ आणि त्यापुढे ८ किलोमीटर. कान्ह्याजवळ वडगावची नगरपंचायत आहे, म्हणून आपल्या गटाचे अंतर मोजून घ्यावे. समजा, जमीन ग्रामीणच ठरली. भारतात कर शून्य. पण त्याच वर्षी पत्नीने संयुक्त रिटर्नवर सही केली असेल तर तो नफा अमेरिकेत दाखवावा लागतो.

भारत-अमेरिका करार १९८९ मध्ये झाला. इथे भरलेल्या कराचे श्रेय तिथे मिळते, हे खरे. पण इथे कर भरलाच नसेल तर श्रेय कशाचे घेणार? वरच्याच उदाहरणात पत्नीला जमिनीवर ७०,००० डॉलर, म्हणजे साठ लाखांच्या आसपास नफा झाला असे धरा. संयुक्त रिटर्नमध्ये त्यावर सुमारे ४,७७० डॉलर केंद्रीय कर बसतो. नवऱ्याने वाचवले ४,७००, पत्नीच्या जमिनीपायी गेले ४,७७०. राज्याचा कर पुन्हा वेगळा. नफा याहून मोठा असेल तर तोटाही मोठा.

एक दिलासा आहे. वारशाने आलेल्या जमिनीचा नफा अमेरिकेत सामान्यतः वालिदांच्या निधनाच्या वेळच्या बाजारभावापासून मोजतात. म्हणून त्या वेळच्या मूल्यांकनाचा कागद, फेरफार उतारा आणि सातबारा जपून ठेवावा.

सहीचा अर्थ

इस्लामने स्त्रीला तिच्या मालमत्तेचा स्वतंत्र हक दिला आहे. मेहर तिचा, वारशाचा वाटा तिचा, तिची कमाई तिची. निकाह झाला म्हणून ती मालमत्ता नवऱ्याची होत नाही. आपण हे भाषणात सांगतो. कागदावर सही घेताना विसरतो.

संयुक्त रिटर्नवर सही करणारी पत्नी त्या संपूर्ण रिटर्नला जबाबदार असते. नवऱ्याने काही उत्पन्न लपवले किंवा कर थकवला, तर सरकार दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. पुढे तलाक झाला तरी त्या वर्षाची जबाबदारी संपत नाही. फसवल्या गेलेल्या जोडीदारासाठी फॉर्म ८८५७ भरून दाद मागता येते, पण आपल्याला माहीत नव्हते हे तेव्हा आपणच सिद्ध करायचे असते.

शिवाय ही निवड एका वर्षापुरती नसते. ती पुढच्या वर्षांनाही लागू राहते. नंतर वेगवेगळे रिटर्न भरले तरी पत्नी निवासीच धरली जाते. ही निवड दोघांपैकी कोणीही रद्द करू शकते, म्हणजे पत्नीही. फक्त त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत संपण्याआधी. पण एकदा रद्द झाली की दोघांपैकी कोणालाही ती पुन्हा कधीच करता येत नाही.

घाई कशाची नाही

स्वतंत्र रिटर्न भरला असेल तर साधारण तीन वर्षांच्या आत तो बदलून संयुक्त करता येतो आणि जास्तीचा कर परत मागता येतो. उलट, संयुक्त भरलेला रिटर्न मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. म्हणून शंका असेल, जमिनीचा व्यवहार चालू असेल, तर त्या वर्षी नवऱ्याने स्वतंत्र रिटर्न भरावा. चित्र स्पष्ट झाल्यावर संयुक्तचा विचार करता येतो.

संयुक्त करायचे ठरले तर पत्नीला आयटीआयएन हा क्रमांक लागतो. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज रिटर्नसोबत जातो. त्याला मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. नोटरीची झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवला आणि त्याच काळात व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली तर अडचण होते. अमेरिकी कर विभागाने मान्यता दिलेले एजंट पासपोर्ट पाहून लगेच परत देऊ शकतात; ती सोय आधी शोधावी.

नवऱ्याने एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. त्याच्या स्वतःच्या भारतातील उत्पन्नाला यातली कोणतीही वाट चुकवत नाही. रिटर्न स्वतंत्र असो वा संयुक्त, त्याचे भाडे, त्याचे एनआरई खात्यावरचे व्याज तिथे दाखवावेच लागते. अम्मीसोबत किंवा पत्नीसोबत जोडखाते असेल आणि सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहितीही द्यावी लागते.

दस्तरखानावर बसून बोला

सहीआधी मुलीने एका वहीत लिहून काढावे: माझ्या नावावर काय आहे? जमीन, खाते, फंड, दागिन्यांखेरीज मेहरात मिळालेले काही. त्यातून वर्षाला काय येते? पुढच्या दोन-तीन वर्षांत काही विकायचे आहे का? नवऱ्याने तीच माहिती अमेरिकेतल्या सल्लागाराला देऊन दोन्ही प्रकारचे रिटर्न मांडून घ्यावेत आणि दोन्ही आकडे पत्नीला दाखवावेत. रिटर्न इंग्रजीत असेल तर घरातल्या कोणीतरी तो तिला मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवावा.

संयुक्त रिटर्नमुळे पैसे वाचले, तर ते तिच्या सहीमुळे वाचले. आणि तिच्या जमिनीमुळे कर वाढला, तर तो कोणी भरायचा हेही आधीच ठरवावे. व्यवहार लिहून ठेवावेत ही आपल्याला शिकवणच आहे. नवरा-बायकोतही त्याने प्रेम कमी होत नाही.

कान्ह्याच्या त्या मुलीने ‘आधी मला समजावून सांगा’ असे म्हटले, तर सासरच्यांनी तिला उद्धट ठरवू नये. पंधरा एप्रिलला अजून वेळ आहे.