मातीचा गोळा आणि संगणकावरील मूर्तिकाम

चित्रपटांतील व खेळांतील सजीव भासणारी पात्रे आज संगणकावर घडविली जातात. हे काम मूर्तिकाराच्या कामाहून तत्त्वतः निराळे नाही. पडद्यावर प्रथम एक गोळा घेतात. त्याचा पृष्ठभाग लहान लहान चौकोनांच्या जाळीचा असतो. तो ओढून नाक उठवितात, दाबून डोळ्यांच्या खोबणी करतात. मोठे आकार आधी, सुरकुत्या शेवटी, हाच क्रम होय. नंतर संत्र्याची साल सोलून पसरावी तसा पृष्ठभाग सपाट उलगडून त्यावर रंग भरतात.

यासाठीची ‘ब्लेंडर’ ही आज्ञावली २००२ पासून सर्वांस मुक्त व विनामूल्य आहे. परंतु आकार पारखणारी नजर आज्ञावलीबरोबर मिळत नाही. ती बालवयातच घडवावी लागते.

अलिबागजवळील सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घरी गणेशमूर्ती होत. त्यांनी बालपणी भिंतीवर काढलेले शिवरायांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि मुंबईच्या कलाशाळेचे दार उघडले. पुण्यातील शिवरायांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) त्याच हातांनी घडविला.

म्हणून टेमघर परिसरातील शिक्षकबंधुभगिनींनी संगणकाची वाट न पाहता मुलांच्या हाती शाडू द्यावा. केलेली वस्तू फिरवून चारही बाजूंनी पाहावयास लावावी. ज्या मुलाचा हात विशेष चालतो, त्याची नोंद ठेवून पालकांस अवश्य कळवावे. भिंतीवरील चित्र पाहणारे कोणी असावे लागते.