एकाच तारेतून चित्र आणि इंटरनेट

अमेरिकेतील केबल कंपन्यांनी घरोघरी नेलेली समाक्ष तार, म्हणजे मधल्या वाहकाभोवती विद्युतरोधक थर आणि त्यावर धातूची जाळी असलेली तार, मुळात दूरचित्रवाणीसाठी होती. तिच्यात प्रत्येक वाहिनीला 6 मेगाहर्ट्झ रुंदीचा वारंवारता-पट्टा मिळे आणि 1997 मधील ‘डॉक्सिस’ या मानकाने असेच काही पट्टे इंटरनेटसाठी वापरण्याची रीत घालून दिली. घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या माहितीसाठी मात्र 5 ते 42 मेगाहर्ट्झ एवढाच, घरगुती उपकरणांच्या विद्युत-गोंगाटाने ग्रासलेला पट्टा उरला, आणि तोही वस्तीतील अनेक घरांत वाटला जाई. त्यामुळे चित्रपट झरझर उतरत असतानाही छायाचित्रे पाठवणे रेंगाळे, हा दोष ग्राहकाच्या संगणकाचा नसून जाळ्याच्या मूळ रचनेचा होता, आणि तो ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणे हे कंपन्यांचे कर्तव्यच होते.